दुसरं आडनाव

सिल्वासात शाळेतल्या मुलांना स्पॅनिश शिकवणारी मी पहिली बाई, आणि बहुधा शेवटचीही. यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही. तिथे ती भाषा कुणी मागितलीच नव्हती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या लेखात कुणाचंही नाव येणार नाही, आडनाव तर नाहीच नाही. जी काही गंमत झाली आणि जी काही माझ्या छातीत धडधड झाली ती सगळी आडनावांपायी, आणि नेमकी तीच मी गाळणार, म्हणजे भेळेतून चिंच काढून घेतल्यासारखं होणार. पण ज्यांची ती आडनावं, ती माणसं कुठे ना कुठे असतील. त्यांना न विचारता त्यांच्या घरातलं चव्हाट्यावर मांडायचं मला काही कारण नाही.

लग्नाआधी मी मुंबईत फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरीला होते. कचेरीचा व्यवहार दक्षिण अमेरिकेशी चालायचा, आणि तिकडून येणारं टपाल स्पॅनिशमध्ये असायचं. आमच्या साहेबांना ते वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. बाकीच्यांना संध्याकाळी घर गाठायची घाई, मी एकटीच मोकळी, म्हणून मला संध्याकाळच्या वर्गाला धाडलं. मी गेले, आणि मला ती भाषा आवडली. ख आणि र यांच्यावर मनापासून जोर देणारी भाषा मराठी माणसाला परकी वाटत नाही. मग लग्न झालं, नवऱ्याची बदली सिल्वासाला झाली, आणि टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझी स्पॅनिशची पुस्तकं लोणच्याच्या बरण्यांमागे गेली. मी बी.एड. केलं, मराठी शाळेत इतिहास-भूगोलाची बाई झाले आणि कितीतरी वर्षं स्पॅनिशचा एक शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला नाही.

नव्वदच्या सुमाराला नरोलीकडे कारखाने भराभर उभे राहत होते. त्यातल्या एका सुताच्या कारखान्यात स्पेनहून यंत्रं आली आणि यंत्रांपाठोपाठ ती बसवायला एक इंजिनिअर आला. त्याचं इंग्रजी बेताचं, कारखान्यातल्यांचं त्याहून बेताचं. दोन्हीकडचे लोक हातवारे करकरून दमले, तेव्हा कुणीतरी माझ्या नवऱ्याला म्हणालं, तुमच्या मिसेसना येतं ना ते? झालं. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन बोल्ट, पट्टा, तेल असले शब्द बोलू लागले. मला यातलं मराठीतसुद्धा काही कळत नव्हतं, पण काम चाललं.

ही बातमी आमच्या मुख्याध्यापकांच्या कानावर गेली. ते रत्नागिरीकडचे, माणूस भला, पण नव्या गोष्टीचा भारी सोस. सोमवारी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर. पाचवी ते सातवी. परदेशी भाषा शिकवणारी ही एकमेव मराठी शाळा असेल." मी विचारलं, "मुलांना उपयोग काय?" ते म्हणाले, "अहो, इतिहासाचा तरी काय होतो?" इतिहासाच्या बाईला असं विचारल्यावर ती काय बोलणार!

वर्ग भरला. टोकरखाड्यातली कारकून-शिक्षकांची मुलं आली, नरोलीतल्या भाड्याच्या खोल्यांतून खानदेशातल्या कामगारांची मुलं जीपमधून कोंबून आली, आणि लांबच्या सुरंगी गावाकडची, वसतिगृहात राहणारी तीन-चार आली. आईबापांची समजूत अशी, की ही भाषा आली की कंपनीत थेट ऑफिसात नोकरी. माझ्या वर्गात प्रश्न मराठीत यायचे, कुजबूज गुजरातीत चालायची, भांडणं हिंदीत व्हायची आणि स्पॅनिशमध्ये फक्त शांतता असायची.

शाळेचा म्हातारा शिपाई लहानपणी पोर्तुगीजांच्या शाळेत गेलेला. तो दर शनिवारी दार उघडताना मला "बोम दिया", म्हणजे चांगला दिवस, असं म्हणायचा. मी म्हणायचे, "काका, ते पोर्तुगीज झालं. हे बुएनोस दियास." तो म्हणायचा, "एकच की. आम्ही यांना मोठ्या मुश्किलीने घालवलं, आणि तुम्ही शनिवारी-शनिवारी परत बोलावताय." मला सुरुवातीला राग यायचा. मग तो म्हणाला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

पहिले काही महिने आम्ही "माझ्याकडे आहे" यावरच काढले. तेंगो म्हणजे माझ्याकडे आहे, मला आहे. प्रत्येकाने उभं राहून घरात कोण कोण आहे, काय काय आहे ते सांगायचं. मला दोन भाऊ आहेत. मला एक आजी आहे. सुरंगीच्या मुलीने कोंबड्या, शेळ्या आणि एक पाय मोडका कुत्रा असं सगळं सांगून टाकलं आणि बाकीचे हेवा करत बसले. या सदराला मुलांनी स्वतःच "घरात कोण कोण" असं नाव ठेवलं होतं. वर्गाची सुरुवात त्यानेच व्हायची.

शिवाय मी त्यांना तिथल्या चालीरीती सांगायचे. दुपारी दुकानं बंद करून झोपतात हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "बाई, मग आमचे आजोबा स्पॅनिश आहेत का?" जानेवारीत तीन राजे उंटांवरून येतात, मुलं त्यांच्यासाठी बूट मांडून ठेवतात आणि उंटांसाठी गवत, हे त्यांना फार आवडलं. आपल्याकडे चपला बाहेर ठेवल्या तर सकाळी त्याच राहत नाहीत, अशी शंका एका मुलाने काढली. हा मुलगा प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचा. त्याला मी वकील म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं.

मग दिवाळीनंतर एका शनिवारी तो इंजिनिअर वर्गात आला. मुलं त्याच्याकडे डोळे फाडून बघत होती. त्याने फळ्यावर आपलं नाव लिहिलं: एक नाव आणि पुढे दोन आडनावं. वकिलाचा हात लगेच वर. दोन कशाला? इंजिनिअर म्हणाला आणि मी मराठीत सांगितलं: पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. तिकडे प्रत्येकाला दोन असतात.

वर्गात जरा हालचाल झाली. आपल्याकडे नावापुढे बापाचं नाव आणि मग आडनाव. आई त्यात कुठे बसते हा प्रश्न त्या मुलांना कधी पडलाच नव्हता. मला तरी कुठे पडला होता? मी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, "पुढच्या शनिवारी प्रत्येकाने स्पॅनिश पद्धतीने नाव सांगायचं. वडिलांचं आडनाव, मग आईचं आडनाव." वकील म्हणाला, "बाई, मी माझ्या मामाच्या गावाचं पण लावू? तिसरं?" मी म्हटलं, "दोन म्हणजे दोन. स्पेनमध्ये तिसरं नसतं. वकिली कोर्टात कर."

पुढच्या शनिवारी पहिला मुलगा उभा राहिला. मे यामो, म्हणजे माझं नाव, अमुक, मग बापाचं आडनाव, आणि मग परत तेच आडनाव. मी म्हटलं, दुसरं आईचं सांग. तो म्हणाला, "आईचंच सांगितलं." दुसरी मुलगी उठली, तिनेही आपलं एकच आडनाव दोनदा सांगितलं. तिसरा, चौथा, सगळा वर्ग. प्रत्येकाचं आडनाव खणखणीत दोनदा. इंजिनिअर असता तर त्याला वाटलं असतं, या गावात सगळे सख्ख्या चुलत भावंडांशीच लग्नं लावतात. चूक त्यांची नव्हतीच. आईचं आडनाव काय? जे बाबांचं तेच. त्याआधी आईला दुसरं काही होतं हेच त्यांना नवीन होतं. मी हसत सुटले, आणि हसता हसता मला आठवलं की माझ्या मुलानेही हेच सांगितलं असतं. लग्नात अंगठीने तांदळात माझं नवं नाव लिहिलं गेलं, त्या दिवसापासून माझं जुनं आडनाव कुणी उच्चारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

म्हणून मी पुन्हा सांगितलं: आईचं माहेरचं आडनाव विचारून या.

त्या आठवड्यात घराघरांतून काय काय निघालं! एका मुलीची आई माहेरचं सांगायला बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही, भात करपला. एका मुलाच्या आजीने सुनेला ऐकवलं, "माहेरचं नाव पोरांना कशाला पढवतेस?" एका पालकाने शाळेत येऊन तक्रार केली, की बाई पोरांना आजोळचं लावायला शिकवतात, उद्या पोरं मामाच्या जमिनीत वाटा मागतील. मुख्याध्यापकांनी त्याला चहा पाजला. आणि माणूस गेल्यावर मला म्हणाले, "बाई, छान चाललंय. हेच आपण स्नेहसंमेलनात घेऊ. कारखान्याचे लोक पाहुणे आहेत. मुलं एकेक करून पुढे येतील, स्पॅनिशमध्ये पूर्ण नाव सांगतील, दोन्ही आडनावांसकट."

एकच मुलगी आडनावाशिवाय आली. ती सहावीत, नरोलीहून येणारी. बाप त्याच सुताच्या कारखान्यात यंत्रावर, आई पॅकिंग खात्यात. माणसं खानदेशातल्या साक्रीकडची. मुलगी बोलायला कमी, पण तिचे उच्चार असे स्वच्छ की मी इतरांना सांगायचे, हिच्या तोंडाकडे बघा. ती म्हणाली, "आई म्हणाली, नंतर सांगते." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मी जरा चिडून म्हटलं, "अगं, एवढं काय अवघड आहे त्यात?" तिने मान खाली घातली.

मधल्या एका दुपारी माझ्या क्वार्टरचं दार वाजलं. दारात त्या मुलीची आई. ड्यूटीवरून परस्पर आलेली, केसांना सुताची तूस चिकटलेली. खुर्चीवर बसायला तयार होईना, जमिनीवर बसली. मग मीही जमिनीवर बसले.

"बाई," ती म्हणाली, "पोर मना पोटनी नाही."

मग तिने सगळं सांगितलं. मुलीची खरी आई मुलगी तान्ही असतानाच गेली. वर्षाच्या आत हिचं लग्न झालं आणि नवरा-बायको पोरीला घेऊन इकडे कारखान्यात आले. इथे कुणाला माहीत नाही, पोरीलाही नाही.

"तिले काहीच ठाऊक नाही. गावले गेलं का कोणीतरी बोलून जाईन, म्हणून आम्ही सुट्टीत भी गावले जात नाही. तिना बाप म्हणतो, मोठी होऊ दे, मग बघू. अन् तुम्ही म्हणता, आईचं आडनाव आण. कोणतं देऊ?"

मी म्हटलं, "तुमचंच द्या. वाढवलंत तुम्ही. आई तुम्हीच."

तिने मान हलवली. पदराखाली हात घालून तिने गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. त्यात मंगळसूत्राच्या मण्यांशेजारी चांदीचा एक छोटा पत्रा होता, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती, झिजून गुळगुळीत झालेली. दुसरेपणाची बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते हे मी ऐकून होते. समोर कधी पाहिला नव्हता.

"पोरगी विचारते तवा मी देवी सांगते. पितरपाटात नवमीले तिच्या नावाचं पान वाढते, तवा भी देवीच सांगते." ती टाक बोटांत धरून बसली. "बाई, मी तिचं बठ्ठं घेतलं. घर घेतलं, भांडी घेतली, पोर घेतली. आता तिच्या नावाच्या जागेवर भी मीच बसू? एवढी एक जागा निघाली तिच्यासाठी, ती भी तुमच्या त्या परदेशातून."

मी उठून चहा टाकला. चहा पिता पिता म्हटलं, "त्या कार्यक्रमातून तिला काढते. ती आकडे म्हणून दाखवेल, गाणं म्हणेल. कुणाला काही कळणार नाही."

"मंग तिलेच वाटेन, सगळ्यांच्या आईले आडनाव आहे, माझ्याच आईले नाही." तिने कप खाली ठेवला. "माझं सांगितलं तर खोटं. तिचं सांगितलं तर पोर माझी राहते का नाही, कोण सांगेन? लहान असती तर रडली असती अन् विसरली असती. आता ती समजदार झाली."

जाताना ती म्हणाली, "मी तिले सांगणार आहे. तिना बाप रागे भरला तर भरू दे. तुम्ही काही बोलू नका." मी मान डोलावली. ती गेल्यावर मला माझाच राग आला. भूगोलाचा नकाशा टांगावा तसा मी एका देशाचा रिवाज वर्गात टांगला होता, आणि तो कुणाच्या घरात जाऊन आदळेल याचा विचारच केला नव्हता. आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. त्या बाईने एवढी वर्षं जपलेलं माझ्या हौसेपायी मोडणार, असं मला रोज वाटायचं.

तालमी सुरू झाल्या. ती मुलगी आपलं नाव सांगायची, बापाचं आडनाव सांगायची आणि थांबायची. मी "पुढचा" म्हणायचे. वकिलाने एकदा तोंड उघडलं, मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. घरी सांगितलं का, नाही सांगितलं, मला कुणाला विचारता येत नव्हतं.

संमेलनाच्या आधी ती शाळेत यायचीच बंद झाली. एक दिवस गेला, दुसरा गेला. वर्गातल्या नरोलीच्या इतर मुलींना विचारलं तर म्हणाल्या, घरीच आहे, आजारी नाही, पण खेळायला येत नाही. मी इतिहासाच्या तासाला पेशव्यांच्या जागी भलतंच कुणीतरी सांगितलं आणि मुलांनी ते लिहूनही घेतलं.

संमेलन दुपारी होतं, शाळेच्या मैदानात मांडव घालून. पाहुणे खुर्च्यांवर, पुरुष मागे उभे, बायका एका बाजूला सतरंजीवर. मी स्टेजमागे मुलांच्या वेण्या आणि कॉलर नीट करत होते. म्हातारा शिपाई पडद्याची दोरी धरून तयारीत उभा. एवढ्यात ती आली. तेल लावून चोपून घातलेल्या वेण्या, इस्त्रीचा गणवेश. तिच्यामागे आई, कडेवर धाकटं पोर. मुलगी रांगेत जाऊन उभी राहिली. आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सांगितलं. तवापासून माझ्याशी बोलली नाही. रात्री टाक मागितला. हातात घेऊन पाहिला, अन् परत दिला. सकाळी म्हणाली, मले तिचं आडनाव सांग. सांगितलं. बस."

"आणि तिचे वडील?"

"आलेत. मागं उभे आहेत." एवढं बोलून ती बायकांमध्ये जाऊन बसली.

म्हणजे मुलीने ठरवलं होतं. मी मनाशी म्हटलं, बरोबरच आहे, आईचं आडनाव म्हणजे आईचं. आणि तरीही मला त्या सतरंजीवर बसलेल्या बाईकडे बघवेना.

मुलांचा नंबर यायच्या जरा आधी मुलगी माझ्याकडे आली. "बाई," तिने विचारलं, "स्पेनमध्ये दोनच असतात ना?"

माझं अर्धं लक्ष पडद्याकडे. शिक्षकाच्या तोंडाला सवयीचं उत्तर तयार असतं. "दोनच," मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि रांगेत गेली.

एकेक मूल माइकपाशी जाऊ लागलं. मे यामो, नाव, बापाचं आडनाव, आईचं आडनाव. लाउडस्पीकरवरून बायकांची माहेरची आडनावं मैदानभर घुमत होती, आणि प्रत्येक वेळी सतरंजीवर कुणीतरी कुणाला तरी कोपराने ढोसत होतं, हसत होतं. सुरंगीच्या मुलीची आई आली नव्हती, बाप आला होता. त्याने बायकोच्या माहेरचं आडनाव ऐकल्यावर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी शिकवलेल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने इतक्या बायका एकदम खूश झाल्या नसतील.

मग ती गेली. माइक तिला उंच होता, तिने टाचा उचलल्या. मे यामो. तिचं नाव. बापाचं आडनाव. मग एक आडनाव, जे त्या मैदानात फक्त तिच्या आईबापांना ठाऊक होतं. मागे उभ्या असलेल्या तिच्या बापाने डोळे खाली केले. मला वाटलं, संपलं. मी पुढच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

ती माइकपाशीच उभी राहिली. तिने टाचा पुन्हा उचलल्या आणि तिसरं आडनाव सांगितलं.

लोकांना काही कळलं नाही. टाळ्या पडल्या तशा पडल्या. पहिल्या रांगेतल्या इंजिनिअरने मात्र भुवया उंचावून पडद्याकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं. ही बाई पोरांना काय शिकवते असं त्याला वाटलं असणार. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मी सतरंजीकडे बघत होते. ती बाई मांडीवरच्या धाकट्या पोराला चुरमुरे भरवत होती. तिचा हात तसाच राहिला, आणि पोराने तोंड पुढे करून करून शेवटी स्वतःच तिची मूठ उघडून खाल्ले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. म्हाताऱ्या शिपायाने ते पाहिलं आणि दोरी धरल्याधरल्याच म्हणाला, "बोम, बाई. बोम." या वेळी मी त्याची चूक काढली नाही.

पुढच्या शनिवारी वर्ग भरला. बाहेर व्हरांड्यात ती आई बसली होती. हाफ डे होता, मुलीला घेऊन बाजारात जायचं होतं. मी "घरात कोण कोण" सुरू करणार तेवढ्यात वकील उभा राहिला. आठवडाभर दाबून धरलेलं असावं.

"बाई, तुम्ही म्हणालात, दोन म्हणजे दोन. मी तिसरं मागितलं तर नाही म्हणालात. हिने स्टेजवर तीन सांगितली. मग मला का नाही?"

मुलाचं म्हणणं अगदी रास्त होतं. मी खडू हातात घेऊन उभी राहिले. खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगायचा मला अधिकार नव्हता. "अरे, असं बघ," मी म्हटलं, आणि पुढे काय बघायचं ते मलाच सुचेना.

ती उठली. बाकावर हात टेकून, दर शनिवारी उठायची तशीच.

"तेंगो दोस माद्रेस," ती म्हणाली. मला दोन आया आहेत.

सगळ्यांना कळलं. एवढं स्पॅनिश त्यांना येत होतं. पण कुणी हसलं नाही, कुजबूजही नाही. मला दोन भाऊ आहेत, मला एक शेळी आहे, त्याच चालीवर तिने ते सांगितलं होतं, आणि मुलांनी ते त्याच चालीवर ऐकून घेतलं. वकिलाने थोडा विचार केला.

"मग तीन बरोबर आहेत," तो म्हणाला आणि खाली बसला.

"हो," मी म्हटलं. "तीनच बरोबर आहेत."

वर्ग सुटला तेव्हा मी खिडक्या लावत होते. व्हरांड्यात आई उठून उभी राहिली, मुलीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. आत सगळे एकदम गप्प का झाले होते हे तिला बाहेर जाणवलं असणार.

"काय बोलत होती गं आत?" तिने विचारलं.

"काही नाही, आई," मुलगी चप्पल घालता घालता म्हणाली. "घरात कोण कोण आहे ते सांगत होते."